जुनी इंग्लिश टँडम चालती करायची आहे, आधी काय करू?

वाटसरू_मिरज
इथल्या एका जुन्या गोदामाचा माल निघाला, त्यात दोन सीटची सायकल मिळाली. हेडवरचा बॅज गायब. मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, स्टर्मी-आर्चर, एडब्ल्यू आणि ५२ असं कोरलंय. कॉटरच्या खिळीने बसवलेले क्रँक (पायडलचे दांडे), काळा रंग, सोनेरी रेघा अजून दिसतात. मागच्या चाकाची चेन उजवीकडे, दोन्ही पायडलं जोडणारी डावीकडे. पुढचा बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा आस फिरतो तो भाग) जाम. ब्रेक दोन्ही रिमचेच. टायर कुजलेत, पण २८ चे असावेत.

धाकट्या भावाला दिसत नाही, त्याला मागे बसवून फिरायचंय. म्हणजे शोभेला ठेवायची नाही, चालवायची आहे. इथले मेकॅनिक म्हणतात, सँडब्लास्ट आणि पावडर कोटिंग करून घ्या, बाकीचं मग बघू. पैसे बेताचेच आहेत. आधी कशावर घालू?

उलटा_आटा
रंगावर नक्कीच नको. एडब्ल्यू हा स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब, आणि तो ५२ म्हणजे हब १९५२ चा. सायकलही त्याच सुमाराची असेल, पण चाक नंतर बदललेलं असू शकतं, तेव्हा तेवढ्यावर वय ठरवू नका.

आधी फ्रेम सरळ आहे का बघा. मागच्या चाकाच्या एका खाचेतून दोरा पुढच्या हेडला वळसा घालून दुसऱ्या खाचेत ताणून बांधा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं भरायला हवं. मग जोडांवर, विशेषतः मागच्या बॉटम ब्रॅकेटखाली, केसासारखी चीर आहे का ते चांगल्या उजेडात बघा. फ्रेम गेली असेल तर पुढचा सगळा खर्च पाण्यात.

आता आटे. इंग्लिश सायकलच्या बॉटम ब्रॅकेटचा उजवा कप उलट्या आट्याचा असतो, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसलेला पोऱ्या पाना लावून उलटा जोर करतो आणि कप तरी फुटतो, नाहीतर आटे जातात. शिवाय इंचाला २४ आटे ही सर्वसाधारण इंग्लिश पद्धत, पण रॅले कंपनीचे स्वतःचे २६ असायचे. सायकल रॅलेच्या घरातली निघाली तर दुसरा कप जबरदस्तीने बसवू देऊ नका. छर्रे मात्र सगळे नवे घाला. पाव इंची, प्रत्येक कपात ११, दोन ब्रॅकेट म्हणजे ४४. किरकोळ खर्च आहे.

काकवी
गंज काढायला ॲसिड नको. आमच्या कोल्हापूरकडचा उपाय सांगतो. एक भाग काकवी, नऊ-दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात. लोखंडी सुटे भाग त्यात बुडवून दोन-तीन आठवडे विसरून जा. गंज सुटतो, चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. ॲल्युमिनियमचं काही त्यात टाकू नका, खाल्लं जाईल. आणि पिंप घरापासून लांब ठेवा, वासाने घरचे तुम्हालाच बाहेर काढतील.

रंगीत_पंक्चर
माझं मत वेगळं. पावडर कोटिंग केलं की पुढची काळजी मिटते, मिरजेला पाऊसही फार नाही.

उलटा_आटा
@रंगीत_पंक्चर, जुन्या चांगल्या फ्रेमची नळी पातळ असते, वाळूचा मारा करणारा नवखा असेल तर ती आणखी पातळ होते. आणि त्या सोनेरी रेघा गेल्या की गेल्या. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ पाण्याने पुसा, वर मेण लावा. ज्याला मागे बसायचंय त्याला रंग दिसणार नाही, खडखड मात्र ऐकू येईल.

लीड्सकर
माझ्याकडे १९५० च्या दशकातली क्लॉड बटलर कंपनीची टँडम आहे. इंग्लंडात जुने सुटे भाग मिळतात, टँडम क्लबही १९७१ पासून आहे. पण चाकांच्या बाबतीत मिरज लीड्सपेक्षा सोयीची! तुमचं माप २८ x १½ असेल, म्हणजे रिमवर ६३५ मिमी, तर ते आपल्या काळ्या दुधवाल्या सायकलीचंच. मागची रिम स्पोकच्या ४० भोकांची, पुढची ३२, हीसुद्धा जुनी इंग्लिश वाटणी, भारतात तशीच राहिली. हबची भोकं मोजा. मागे ४० असतील तर कुठल्याही दुकानात रिम मिळेल. माप २६ x १⅜ निघालं तर टायरवर ५९० आकडा बघून घ्या. गिअरवाल्या सायकलीचा २६ (५५९) बसणार नाही.

पैसे ब्रेकवर घाला. दोन माणसांचं वजन आणि क्रोमची रिम, पावसात ती सायकल थांबतच नाही. ड्रम ब्रेक लावा. स्टर्मी-आर्चर आता तैवानच्या सनरेस कंपनीकडे आहे, ९० मिमीचे ड्रम हब अजून निघतात. भोकांचा मेळ बघूनच मागवा. मागचा ब्रेक हात दुखेपर्यंत दाबत बसायची वेळ दंडोबाच्या उतारावर येऊ देऊ नका.

वाटसरू_मिरज
दोरा लावला, फ्रेम सरळ आहे. हबची भोकं मागे ४०, पुढे ३२. पुढचा बॉटम ब्रॅकेट हलत नाही. त्याच्या नळीखाली दोन बोल्ट आहेत, ते कशासाठी?

उलटा_आटा
तोच चेन ताणायचा जुगाड. आतला गोल तुकडा मध्यापासून सरकलेला असतो, तो फिरवला की पुढचा ब्रॅकेट पुढे-मागे होतो आणि डावी चेन ताणते. आधी ते बोल्ट पूर्ण ढिले करा, मग गंज सोडवणारं तेल घालून रोज थोडं ठोका, लाकडाचा ठोकळा मधे धरून. बसवताना डावी चेन मधोमध अर्धा इंच खाली-वर व्हायला हवी. फार ताणली तर छर्रे खाल्ले जातात.

कॉटर काढताना क्रँकखाली लोखंडी नळीचा आधार द्या, नट टोकाशी ठेवून मग हातोडा. आणि डाव्या पुढच्या क्रँकला दातेरी चक्र आहे ना, तो जपा. तो तुटला तर कुठलाही उजवा क्रँक तिथे चालत नाही. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, उजव्या आट्याचं पायडल तिथे चालता चालता सुटून येतं.

काकवी
एडब्ल्यूला मोटारचं पातळ तेल घाला, हबवर छोटं झाकण असतं तिथून. खोबरेल नको! दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मधे तार चुकीची असली तर पायडल एकदम मोकळं फिरतं. उभं राहून पायडल मारताना असं झालं तर दोघंही आडवे. तार आधी नीट लावा.

सावित्रीची_सायकल
माझे वडील अंध होते, मी त्यांना टँडमवर मागे नेत असे, म्हणून सांगते. पुढच्याने दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, ब्रेक दाबून उभं राहायचं. भावाने आरामात बसून पाय पायडलवर ठेवले की मगच निघायचं. प्रत्येक गोष्ट बोलून करायची: ‘खड्डा’, ‘थांबतोय’, ‘गिअर’, ‘मोकळं सोड’. मागच्याला नुसता धक्का कळतो, कारण कळत नाही, त्यामुळे न बोलता ब्रेक लावला की तो घाबरतो. सुरुवात पहाटेच्या रिकाम्या मैदानावर करा. मागचं सीट स्प्रिंगचं घ्या, धक्के सगळे तिथेच बसतात.

वाटसरू_मिरज
ताई, हे उपयोगी पडेल. भाऊ म्हणतो, हाका मीच मारणार, घंटा माझ्या हँडलला लावा. ती घंटा मागे लावता येईल का, म्हणजे केबलचं काही अडतं का?

लीड्सकर
काही अडत नाही. मागच्या हँडलला ब्रेकची तार नसते, जागाच जागा आहे.