पावसाळ्यात आरसी विमानं ठेवायची कुठे?

गुहागर_आकाश:
मंडळी, माझ्याकडे चार आरसी, म्हणजे रिमोटने उडवायची छोटी विमानं आहेत. दीड मीटर विंगस्पॅनचा (पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत) हाय-विंग ट्रेनर (शिकाऊ विमान, पंख धडाच्या वर), तेवढंच एक लो-विंग (पंख धडाच्या खाली), दोन मीटरचं ग्लायडर आणि एक फोमचं. जागा म्हणाल तर पडवीतली आठ बाय दहाची खोली. मे सरला की तिथेच लाकूडफाटा, आमसुलांच्या बरण्या आणि आंबोशी येते. आईची बेगमी मी हलवणार नाही.

गेल्या पावसात ट्रेनरचा पंख भिंतीला टेकवून ठेवला होता. दिवाळीत किनाऱ्यावर नेला, तर हातातून सुटताच डावीकडे कलंडला. घरी टेबलावर सपाट ठेवून बघितला: डाव्या टोकाची मागची कड अर्धं बोट वर. पंखाच्या हलक्या बालसा लाकडाला पीळ बसला होता. यंदा काय करू?

वेंगुर्ला_ग्लायडर:
भिंत सोडा. जांभ्याची भिंत पावसात ओल धरते. पंख काढून वाशांना टांगा. प्रत्येक पंखाला आडवे दोन पट्टे, दोन्ही टोकांपासून पाव अंतरावर. जुन्या साडीचे चार बोटं रुंद पट्टे घ्या, बारीक दोरी पंखावरच्या प्लास्टिक फिल्मला काचते. धड शेपटीकडून टांगा, नाक खाली. कौलांपासून हातभर तरी खाली, कुठलं कौल कधी गळेल सांगता येत नाही. मी रहाटाची जुनी कप्पी वाशाला बांधली आहे, ग्लायडर एका हाताने वर जातं.

पीळ निघेल. पंख उलट्या बाजूला पिळून धरा, फिल्मवरून इस्त्री फिरवा आणि गार होईपर्यंत सोडू नका.

मालवण_माजी_नौसैनिक:
मी जुन्या विमानवाहू विक्रांतवर होतो. तिथल्या अलिझे विमानाचा विंगस्पॅन साडेपंधरा मीटर, पंख दुमडूनच विमान लिफ्टने खाली हँगरमध्ये जायचं. आधी कुठलं बाहेर काढायचं, त्यावर आत लावायचा क्रम ठरे. तुम्हीही तसंच करा, उघडीप मिळाली की उडवाल ते दाराशी.

पंख काढायचे नसतील तर लहान हँगरात करतात तसं करा. हाय-विंगच्या पंखाखाली लो-विंगचा पंख सरकवा, एकाचं नाक दुसऱ्याच्या शेपटीकडे.

आणि विमानांच्या लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या त्या खोलीत अजिबात नकोत, त्या पेट घेऊ शकतात आणि लाकडं आहेत तिथे. सेलमागे 3.8 व्होल्टवर आणून वेगळ्या जागी ठेवा.

गुहागर_आकाश:
काका, बॅटऱ्या आजच हलवल्या, लाकडांना लागूनच होत्या. वासे मोजले, दोन वाशांत दीड हात अंतर आहे. आई जुनी साडी काढून देते म्हणाली. आंबोशीवर काही पडणार नाही ना, एवढंच तिने विचारलं, म्हणून ग्लायडर दाराच्या बाजूला टांगतोय.