जर्मनीत ठेंगण्या बांध्याला बसणारे कपडे कसे निवडायचे?

इंद्रायणीकाठ:
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरपासून आम्ही दोघं म्युनिकला राहायला जाणार आहोत. माझी उंची 154 सेंटीमीटर, छाती 92, नितंब 98. नवऱ्याची उंची 166, छाती 96, पोट 90. युरोपीय ब्रँडचं जाकीट खांद्यात बसलं की बाह्या बोटांवर येतात, आणि एक माप खाली घेतलं की छातीवर ओढ बसते. तिथे नेमकं कोणतं माप मागायचं? इथून काय शिवून न्यावं आणि कशाचे पैसे तिथे खर्च करावेत?

सुईदोरा:
लहान माप घेऊ नका, आखूड माप घ्या. जर्मनीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे आकडेही वेगळे आहेत. दुकानात 'कुर्त्सग्र्योसे' हा शब्द वापरा.

स्त्रियांचं नेहमीचं जर्मन माप काढायची रीत सोपी आहे: छातीचे सेंटीमीटर भागिले दोन, वजा सहा. तुमचे 92, म्हणजे 46 वजा 6, माप 40. हे साधारण 168 उंचीसाठी बेतलेलं असतं. आखूड माप म्हणजे या आकड्याचं निम्मं, तुमच्यासाठी 20. ते साधारण 160 उंचीला धरून कापतात. त्यात फक्त खालची लांबी कमी नसते. कंबर, गुडघा, बाही सगळंच वर सरकवलेलं असतं. म्हणूनच 40 घेऊन खालून कापण्यापेक्षा 20 अंगावर कितीतरी नीट बसतं. तुमच्या उंचीला तरीही खालून थोडं दुमडावं लागेल. एक सावधगिरी: ब्रिटिश लेबलवरचा 20 हा बऱ्याच मोठ्या मापाचा आकडा आहे, त्यामुळे ऑनलाइन घेताना देश कोणता ते आधी पाहा. जर्मन 40 म्हणजे फ्रेंच 42 आणि इटालियन 46.

पुरुषांच्या कोट-जाकिटाचं माप छातीच्या निम्मं, म्हणजे 96 ला 48. त्याचं आखूड माप 24, आणि ते पोटातही जरा सैल कापलेलं असतं. तुमच्या यजमानांनी तिथूनच सुरुवात करावी. 51, 53 असे विषम आकडे मोठं पोट असलेल्यांसाठी असतात, त्यांची गरज पडू नये.

शर्टाचं माप कॉलरच्या सेंटीमीटरमध्ये असतं. अडचण बाहीची येते. नेहमीची बाही साधारण 65 सेंटीमीटर असते. काही ब्रँड कमी लांबीच्या बाहीचे शर्ट ठेवतात, तसे मुद्दाम मागायचे.

मुंढा_आणि_माया:
वरच्या प्रतिसादाला पूर्ण दुजोरा. आता अल्टरेशनबद्दल. बहुतेक गावांत 'एंडरुंग्सश्नायडराय' अशी पाटी असलेली छोटी दुकानं सापडतात. साधी पँट खालून कमी करायला साधारण 10 ते 20 युरो धरून चाला, म्हणजे कपड्याची खरी किंमत कळते.

आपल्याकडचा शिंपी शिवणीत भरपूर माया ठेवतो, दोन वर्षांनी उसवून कपडा वाढवता येतो. रेडिमेड कपड्यात ओव्हरलॉक केलेली जेमतेम सेंटीमीटरभर माया असते. त्यामुळे आत घेणं जमतं, सोडणं जमत नाही. अपवाद पुरुषांच्या फॉर्मल पँटच्या मागच्या शिवणीचा, तिथे बहुधा दोन-तीन सेंटीमीटर मिळतात.

खांदा आणि मुंढा (बाही जोडतात तो काखेभोवतीचा घेर) यांना हात लावायची वेळ येऊ देऊ नका. खांदा बदलायचा तर बाही उसवा, अस्तर उसवा, पॅड हलवा. एवढ्या मजुरीत दुसरं जाकीट येईल. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर बसत नसेल तर कपडा तिथेच परत ठेवा. शर्टाची बाही कफ काढून दोन-तीन सेंटीमीटर कमी होते, त्याहून जास्त केली तर कफावरची चीर आखूड होऊन हात घालताना अडकते. कोटाच्या बाहीला खरी काजं असतील तर खालून कापताच येत नाही, खांद्याकडून उचलावी लागते. खोटी काजं असलेला कोट घ्या, काम स्वस्तात होतं.

जीन्सवर कंबर आणि आतली लांबी इंचात असते. लांबी 32 ची जीन्स 28 केली की तब्बल दहा सेंटीमीटर जातात. गुडघ्यासाठी काढलेला आकार पोटरीवर येतो आणि खालचा घेर बदलतो. 30 किंवा 28 लांबीचीच शोधा. कापायची वेळ आलीच तर मूळ खालची पट्टी परत जोडून द्यायला सांगा, त्याला 'ओरिगिनालझाउम' म्हणतात.

पावसाळी जाकीट अजिबात कापू नका. आतून शिवणींवर टेप असते, नवी टीप घातली की सुईच्या भोकांतून पाणी शिरतं. पिसांच्या जाकिटात प्रत्येक कप्पा वेगळा शिवलेला असतो, तो कापला की पिसं बाहेर येतात.

हिरवा_काठ:
दोन गोष्टी राहिल्या. मुलांच्या विभागात माप म्हणजे थेट उंची: 146, 152, 158, 164. टी-शर्ट, फ्लीस, पावसाळी जाकीट यांसाठी तो विभाग जरूर बघा. मात्र 92 छातीला 164 सुद्धा घट्ट होण्याची शक्यता आहे. मुलांच्या कापणीत छातीला टक्स (आकार देणाऱ्या चिमट्या) नसतात आणि नितंबांत कपडा अरुंद असतो. पँट तिथून घेऊ नका.

ऑनलाइन घेतलेला तयार कपडा मिळाल्यापासून 14 दिवसांत कारण न देता नाकारता येतो. पण ईमेल किंवा फॉर्मने तसं स्पष्ट कळवायचं. नुसतं पार्सल परत पाठवणं कायद्याने पुरत नाही. परतीचा टपालखर्च कोणाकडे, ते ऑर्डर करण्याआधी वाचा. प्रत्यक्ष दुकानात असा हक्क नाही. निर्दोष कपडा परत घेणं ही त्यांची मर्जी, म्हणून पावतीवरची मुदत बघा आणि लेबल काढू नका. मापानुसार शिवून घेतलेल्याला ऑनलाइनही हा हक्क लागू नाही.

इंद्रायणीकाठ:
खूप आभार. थंडीचा कोट मग तिथेच घ्यावा ना? आणि इथल्या शिंप्याकडून काय?

सुईदोरा:
हो, कोट तिथेच घ्या. स्वेटर अंगात घालूनच घालून पाहा. हात पुढे घेऊन एकमेकांत गुंतवा, पाठीवर ओढ बसली नाही पाहिजे. बाही अंगठ्याच्या मुळापर्यंत आली तर उत्तम, थंडीत मनगट झाकलं जातं.

इथून फॉर्मल पँट आणि शर्ट शिवून न्या, माया जास्त ठेवायला सांगा. सोबत अंगाला अगदी नीट बसणारा एक शर्ट आणि एक पँट सपाट पसरून मोजा: खांदा ते खांदा, काखेखालून काखेखाली, बाही, पँटची आतली लांबी. आकडे सेंटीमीटरमध्ये फोनमध्ये ठेवा. बऱ्याच साइटवर कपड्याची स्वतःची मापं दिलेली असतात, त्यांच्याशी हे आकडे ताडून पाहता येतील.