मदत हवी आहे : ई. कोलायमधील कोळी-रेशमाच्या प्रथिनाची जेलवर शिडी दिसते

नमस्कार. नेफिला क्लॅव्हिप्स हा कोळी ज्या धाग्याला लटकतो, त्यातील मास्प-१ या प्रथिनाचा एकच खंड ३२ वेळा जोडून बनवलेले जनुक मी ई. कोलाय या जीवाणूच्या बीएल२१ (डीई३) या स्ट्रेनमध्ये (वाणात) घातले आहे. प्रथिन सुमारे १०० किलोडाल्टनचे (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) यायला हवे. निकेलच्या कॉलममधून शुद्ध करून काढलेला नमुना जेलवर (त्यात प्रथिने आकारानुसार वेगळी होतात) चालवला की अपेक्षित पट्टा दिसतो खरा, पण त्याच्याखाली जवळजवळ सारख्या अंतराने सात-आठ फिकट पट्टे उतरत गेलेले दिसतात. दोन पट्ट्यांमधील फरक एका खंडाएवढा, म्हणजे ३ किलोडाल्टनच्या आसपास भरतो. अर्थात ही प्रथिने जेलवर खऱ्या वजनाप्रमाणे धावत नाहीत आणि त्यांत लायसिन-आर्जिनिन ही अमिनो आम्ले फारच कमी असल्याने पट्टे दिसण्यासाठी लावतात तो कूमासीचा रंगही नीट धरत नाहीत, त्यामुळे या मोजमापावर माझी फारशी भिस्त नाही.

मला दोन कारणे संभवनीय वाटतात. बीएल२१ मध्ये रेकए (डीएनएचे सारखे तुकडे एकमेकांशी जुळवणारे प्रथिन) शाबूत असल्यामुळे एकसारख्या खंडांचे आपापसांत पुनर्संयोजन होऊन प्लाझ्मिडमधूनच (जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएच्या कड्यातूनच) काही खंड गळत असावेत. किंवा या प्रथिनात भरपूर लागणारे ग्लायसिन हे अमिनो आम्ल वाहून नेणारे टीआरएनए रेणू अपुरे पडल्यामुळे रायबोसोम (प्रथिन जोडणारे पेशीतील यंत्र) वाटेतच अडखळत असावा. टीआरएनएचा हा साठा वाढवून २०१० मध्ये २८४.९ किलोडाल्टनचे कोळी-रेशीम ई. कोलायमध्येच तयार केले गेले होते, म्हणून माझा कल दुसऱ्या कारणाकडे आहे. इंडक्शननंतर (प्रथिननिर्मिती सुरू केल्यावर) काढलेले प्लाझ्मिड कापून पाहिले, तर योग्य लांबीचा एकच तुकडा मिळाला. मात्र थोड्याच पेशींत खंड गळाले असतील, तर ते अशा जेलवर दिसणार नाही, हेही मला मान्य आहे.

घोळ असा की निकेलला चिकटणारी खूण, म्हणजे हिस-टॅग, प्रथिनाच्या एन-टोकाला (आधी तयार होणाऱ्या टोकाला) असल्याने दोन्ही प्रकारची अपुरी प्रथिने कॉलमला चिकटतात. तो सी-टोकाला (शेवटच्या टोकाला) नेल्यास, माझ्या समजुतीप्रमाणे, अर्ध्यावर थांबलेली प्रथिने वाहून जातील, पण वाचनचौकट (डीएनए तीन-तीन अक्षरांनी वाचण्याची रांग) न मोडता खंड गळालेली प्रथिने टिकतील आणि शिडी तशीच राहील. या तर्कात काही चूक आहे का? प्रथिन पेशीतच कुरतडले जात असेल, तर ते यापासून वेगळे कसे ओळखावे? की आधी तेच प्लाझ्मिड रेकए नसलेल्या बीएलआर या स्ट्रेनमध्ये घालून पाहणे अधिक सोपे ठरेल? कोडॉन (एकेका अमिनो आम्लासाठीची तीन अक्षरे) बदलून खंडांमधील डीएनएचे साम्य मोडलेले नवे जनुक मागवण्याचा विचार आहे, परंतु दोष भाषांतराच्या (रायबोसोमवर प्रथिन जोडण्याच्या) टप्प्यावर असेल तर तो खर्च वाया जाईल. ज्यांनी अशी पुनरावर्ती जनुके हाताळली आहेत, त्यांनी पहिली चाचणी कोणती करावी हे कृपया सांगावे.