'उखाणा' की 'कोडं'? प्रसंग ओळखायच्या पद्यांना काय म्हणावं?

जुनी वही
सहावी-सातवीच्या मुलांसाठी मराठ्यांच्या इतिहासावर छोटी पद्यं रचते आहे. चार ओळी वाचायच्या आणि प्रसंग ओळखायचा. पहिलं हे:

पस्तीस लेकी एका घरी,
तेवीस धाडल्या परक्या दारी,
बारा उरल्या आईच्या पाशी,
मिर्झाने मांडली वाटणी अशी.

वहीवर मी 'इतिहासाचे उखाणे' असं नाव घातलं होतं. शुद्धलेखन तपासणाऱ्या मैत्रिणीने ते खोडून 'कोडी' केलं. उखाणा म्हणजे लग्नात नवऱ्याचं नाव घेतात तो, असं तिचं म्हणणं. पण माझी आजी दिवेलागणीला आम्हा पोरांना 'उखाणा घालू का?' असंच विचारायची. तिच्या उखाण्यात कधी मक्याचं कणीस असे, कधी विहीर, कधी कुलूप. नवरा कधीच नसे. लग्नातल्या प्रकाराला ती नुसतं 'नाव घेणं' म्हणे. मग चूक कुणाची?

शब्दवेडा
कुणाचीच नाही. क्रियापदाकडे बघा. नवऱ्याच्या नावाचा उखाणा *घेतात*, कोड्याचा उखाणा *घालतात*. घातलेला उखाणा समोरच्याने उलगडायचा असतो, घेतलेल्या उखाण्यात उलगडायचं काही नसतं. कोडंही 'घालतात'च. 'कोडं विचारलं' हे आता फार ऐकू येतं, पण मला ते कानाला खुपतं. तुमच्या आजीचा शब्द जुना आणि खरा आहे, तो सोडू नका.

शिलेदार
उत्तर : पुरंदरचा तह, १६६५. तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख मोगलांकडे गेला, बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख महाराजांकडे राहिला. आकडे बरोबर आहेत. पण किल्ला पुल्लिंगी, गडही पुल्लिंगी, मग 'लेकी' कुठून आल्या? मुलांची दिशाभूल होईल. शिवाय लेक दिली की दिली. किल्ले तर परत घेतले.

जुनी वही
शिलेदार, दिलेली लेक माहेरी येत नाही का? १६७० साली सिंहगड आला, पाठोपाठ पुरंदर आला. तोच धागा धरून पुढचं पद्य रचणार आहे. आणि लिंगाचं म्हणाल तर 'पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब' याचं उत्तर मक्याचं कणीस. ते कणीस आणि तो पाटील. तिथे कुणाची दिशाभूल झाली?

शिलेदार
ते धान्य आहे, हा इतिहास आहे. इतिहासाच्या पद्यात एवढी मोकळीक नको.

दुर्गवाट
मुळात उखाणा नको आणि कोडंही नको. 'कूट' हा सुटसुटीत शब्द आहे, 'प्रहेलिका' आहे. आणि मुलांना 'तह' तरी का शिकवायचा? 'पुरंदरची संधी' म्हणा. स्वतः महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तेही पद्यात. ती दृष्टी आपण टाकून दिली.

रानपाखरू
'पुरंदरची संधी' म्हटलं तर मूल विचारेल, कसली संधी चालून आली होती?

दुर्गवाट
वर्तमानपत्रात 'शस्त्रसंधी' वाचताना ही शंका येत नाही ना? सवयीचा प्रश्न आहे.

शब्दवेडा
सवयीचाच तर आहे. 'पेशवा' जाऊन 'मुख्य प्रधान' आला, तरी पुढे शंभर वर्षं लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला. कोशाचं मोल मी मानतो, माझ्या उशाशी असतो तो. पण शब्द टिकतो तो जिभेवर. 'प्रहेलिका' सातवीतल्या मुलाच्या जिभेवर बसेल असं वाटत नाही. आणि जाता जाता, कोडं हे 'कूट'चंच रूप असावं असं माझं जुनं मत आहे : कूट, कूड, कोडं. म्हणजे दुर्गवाट, तुमचा शब्द आम्ही वापरतोच आहोत.

दुर्गवाट
ही ओढाताण आहे. ऊचा ओ कसा झाला ते आधी सांगा.

माळावरचा
इतिहासातलं सगळ्यात जीवघेणं कोडं पद्यात नाहीच. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांच्या हाती वाटेत, भेलशाजवळ, सावकारी पत्र पडलं. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा त्यातला मजकूर. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. ज्याला ते कोडं उलगडायचं होतं तो एकाचा भाऊ आणि दुसऱ्याचा बाप. दर वेळी इथे येऊन मी थांबतो. वहीताई, हे घेतलं आहे का?

जुनी वही
घेतलं आहे, आणि तिथेही अडले आहे. माझी शेवटची ओळ 'रुपये-खुर्दा मोजवेना'. मैत्रीण म्हणते, खुर्दा म्हणजे धूळधाण, 'शत्रूचा खुर्दा उडवला' तसा. तो मोजायचा कसा?

शब्दवेडा
खुर्दा म्हणजे चिल्लर. नाण्याची मोड केली की खुर्दा होतो, त्यावरून सैन्याचे तुकडे उडाले की खुर्दा उडतो. पत्रात पहिला अर्थ आहे : रुपये आणि चिल्लर, म्हणजे शिपाई-प्यादे. पण बातमीच अशी आहे की दुसरा अर्थही आपोआप ऐकू येतो. मैत्रिणीला ओळ तशीच ठेवायला सांगा.

रानपाखरू
म्हणजे गावांच्या नावातलं 'खुर्द' हेच का? खुर्द आणि बुद्रुक?

शब्दवेडा
तेच. फारसीत खुर्द म्हणजे लहान, बुजुर्ग म्हणजे मोठा. बुजुर्गचं आपण बुद्रुक केलं.

माळावरचा
आमचं गाव खुर्द. ओढ्यापलीकडे बुद्रुक. आज आमची वस्ती त्यांच्या दुप्पट आहे, तरी पाटीवर आम्ही लहानच. गेल्या ग्रामसभेत 'खुर्द' काढून टाकण्याचा विषय निघाला होता. म्हाताऱ्यांनीच विरोध केला. नाव लहान असलं म्हणून गाव लहान होत नाही, म्हणाले.

दुर्गवाट
काढायलाच हवं. 'लहान' आणि 'थोरले' हे शब्द काय वाईट आहेत? थोरले-धाकटे करा.

माळावरचा
आणि सातबाऱ्यावरचं नाव?

शिलेदार
मूळ विषयावर येतो. वर 'दोन मोती गळाले' लिहिलं आहे. मी लहानपणापासून 'दोन मोत्यें गळाली' असं ऐकलं आहे. मोती तेव्हा नपुंसकलिंगी चालत असे. वहीताई, पद्यात 'गळाली' ठेवा.

जुनी वही
'गळाली' ठेवलं तर मुलं म्हणतील बाईंचं व्याकरण चुकलं. 'गळाले' ठेवलं तर तुम्ही म्हणाल. आणि वहीच्या नावाचं काय? परवा छपाईला द्यायची आहे.

शिलेदार
गळाली. आणि किल्ल्यांच्या लेकी करू नका.