चिऱ्याच्या जुन्या भिंतीच्या दर्जा (दगडांमधल्या सांधी) चुन्यात भरायच्या आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गोव्यात डिचोलीजवळ आमचं वडिलोपार्जित चौकाचं घर आहे. भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), बांधकाम चुन्यातलं. पंधराएक वर्षांपूर्वी पाऊस तोंडावर आला म्हणून मागच्या भिंतीच्या दर्जा घाईघाईत सिमेंटने भरून घेतल्या. आज ती भिंत बघवत नाही. सिमेंटच्या रेघा जशाच्या तशा उभ्या आहेत आणि मधला चिराच झिजून आत गेलाय. बोट फिरवलं तरी तांबडी भुकटी पडते. शेजारच्या भिंतीला कोणी हात लावला नव्हता. तिथला चुना भुसभुशीत झालाय, पण चिरे टणक आहेत.

चिरा पाणी पितो. चुन्याची दर्ज मऊ, ती ओल बाहेर टाकते आणि झिजली तर स्वतः झिजते. सिमेंटने ती वाट बुजली, की ओल चिऱ्यातूनच सुकते, क्षार तिथेच साठतात आणि दगड फुटत जातो. हे पटल्यापासून गवंड्याचं 'चुन्यात थोडं सिमेंट घालूया' मी ऐकत नाही.

माझ्या अडचणी अशा. सिमेंट काढायला गवंडी ग्राइंडर आणतो म्हणतो. चिऱ्यांच्या कडा उडतील अशी मला धास्ती आहे. छिन्नी-हातोडीने कोणी काढलंय का? जिथे सिमेंट चिऱ्याला घट्ट धरून बसलंय, तिथे तसंच ठेवावं का? दर्ज रुंदीच्या दुप्पट, निदान 25 मिमी तरी खोल उकरायची, एवढं ठरवलंय.

चुना एक भाग, नदीची धुतलेली वाळू तीन भाग, असं धरलंय. समुद्राची वाळू मिठामुळे नकोच. पण दुकानातली चुन्याची पूड भिजवून किती दिवस मुरवायची? पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा थेट मारा असतो. तिथे चुन्यात विटांची सुरखी (भाजक्या विटांची भुकटी) मिसळावी का? साधा चुना हवा लागून सावकाश घट्ट होतो, म्हणून नोव्हेंबरात काम काढून गोणपाट ओलं ठेवायचा विचार आहे. किती दिवस ओलं ठेवावं? जूनपर्यंत भिंत पाऊस सोसेल ना?

डिचोली, सत्तरी किंवा फोंड्याकडे चुन्यात हात बसलेला गवंडी कोणाच्या माहितीत असेल, तर कृपया मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आधी हातभर तुकडा करून बघायचा आहे, त्याचीही मजुरी मी देईन.