चिखलातल्या राइडनंतर एमटीबी (डोंगरवाटांची सायकल, माउंटन बाइक) धुवायला बाइक क्लीनर हवाच का?

डोंगरवाट:
माझं मत सरळ आहे, फ्रेम आणि चाकं धुवायला साधं पाणी, मऊ ब्रश आणि बादलीत चमचाभर डिशवॉश एवढं बास झालं. चिखल म्हणजे माती आणि पाणी, त्यात तेल नसतं, ओला असतानाच हलक्या धारेने सोडवला तर निम्मा साबणाशिवाय निघतो. खास बाटली घ्यायचीच तर चेनसाठी डीग्रीझर (तेल-ग्रीस काढणारं द्रावण) घ्या, फेस छान येतो म्हणून अख्ख्या सायकलवर फवारायचं हे मला पटत नाही. खरं तर काय वापरायचं नाही यावर जास्त बोलायला हवं, कारण लोक ओव्हन क्लीनर, टॉयलेट क्लीनर, ब्लीच असलं काहीही मारतात आणि मग अ‍ॅल्युमिनियमवर पांढरे डाग का पडले म्हणून विचारतात.

चेनरिंग_३२:
डिशवॉशबद्दल साफ असहमत. बऱ्याच डिशवॉशमध्ये दाटपणासाठी मीठ घातलेलं असतं, ते बोल्टच्या खाचेत नाहीतर केबलच्या टोकाशी राहिलं की गंज धरतो. शिवाय ते बनवलंय ग्रीस काढायला, म्हणजे पिव्हट (सस्पेन्शनचे सांधे) आणि हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग) यांच्याजवळ गेलं की तिथलं ग्रीसही काढणार. न्यूट्रल पीएचचा, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा, बाइक क्लीनर घेतला की ही चिंताच नाही.

डोंगरवाट:
अहो चमचाभर साबण बादलीभर पाण्यात, त्यात मीठ असून असून किती असणार आणि नंतर भरपूर पाण्याने धुवायचंच आहे की. आणि बाटलीवर सायकलचं चित्र आहे म्हणून आतलं न्यूट्रल असतंच असं कुठाय? डीग्रीझर म्हणून विकतात त्यातले काही चांगलेच अल्कली असतात. अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर साधारण पीएच ४ ते ८.५ मध्ये टिकतो, त्याच्या बाहेर गेलात की धातू खायला लागतो, अ‍ॅनोडायझिंगचा (धातूवर चढवलेल्या रंगीत थराचा) रंग उडतो तो यामुळेच. लेबल वाचा, पीएच लिहिलेला नसेल तर मी तरी ती बाटली घेणार नाही.

ओलीमाती:
रॉकेलचं नाव कुणीच काढलं नाही? चेन काढून बरणीत रॉकेल घालून हलवली की लिंकच्या आतली रेतीसुद्धा बाहेर येते, कुठलाही फोम हे करू शकत नाही. गाळ खाली बसला की वरचं परत वापरता येतं.

पॅड_आणि_रोटर:
चेन काढून करताय तोवर ठीक, पण उघड्या हवेत, हातमोजे घालून आणि आगीपासून लांब करा, आणि रॉकेल पूर्ण उडाल्याशिवाय नवीन ल्यूब (चेनचं तेल) घालू नका, नाहीतर तेही पातळ होऊन गळतं. पेट्रोल मात्र अजिबात नको, त्याची वाफ लगेच पेट घेते. आणि गंज काढायचं अ‍ॅसिड किंवा अल्कली चेनला लावू नका, शिमानोच्या माहितीपत्रकातच लिहिलंय की त्याने चेन तुटू शकते.

पण तुमच्या सगळ्या वादात ब्रेक राहिले! रंग उडाला तर सायकल वाईट दिसेल, पॅडवर तेल गेलं तर उतारावर थांबता येणार नाही. डब्ल्यूडी-४० चेनवर फवारतात त्याचा तुषार रोटरवर (डिस्क ब्रेकच्या चकतीवर) जातो, पॉलिशमधलं सिलिकॉन तसंच. रेझिन पॅड तेल शोषतात आणि एकदा शोषलं की बहुतेक वेळा बदलावेच लागतात. रोटर पुसायचा तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडकं, तेही रोटर गार झाल्यावर. ल्यूब फवारू नका, थेंब थेंब घाला आणि वरचं पुसून टाका.

चेनरिंग_३२:
ब्रेकचं शंभर टक्के मान्य, आणि त्याचसाठी मला प्रत्येक भागाचं वेगळं फडकं आणि वेगळा ब्रश हवा, चेनचा ब्रश रोटरला लागला की संपलं. डिशवॉशवर मात्र मी माझ्या मताशी ठाम आहे, धुवून टाकायचं म्हणता पण पिव्हटच्या फटीत पाणी किती पोचतं?

डोंगरवाट:
फटीत पाणी नीट पोचत नाही तर साबण तरी कसा पोचेल? तो पोचतो प्रेशर वॉशरने. सील चिखलाचे शिंतोडे अडवायला असतात, जवळून मारलेली जोरदार धार अडवायला नाही, मग हब (चाकाचा मधला भाग), बॉटम ब्रॅकेट (पेडल फिरतात तिथलं बेअरिंग), हेडसेट सगळीकडे पाणी शिरतं. क्लीनर कितीही चांगला असो, धार चुकीची असेल तर उपयोग शून्य.

ओलीमाती:
आणि बायोडिग्रेडेबल लिहिलंय म्हणून ओढ्यात सायकल धुणाऱ्यांनाही सांगा कुणीतरी. ते विघटन व्हायला वेळ लागतो, तोवर साबण माशांना त्रास देतोच. पाण्यापासून लांब धुवा, आणि माझं रॉकेलही मी गटारात ओतत नाही.

पॅड_आणि_रोटर:
फोर्कच्या नळ्यांना डीग्रीझर लावू नका, सीलचं तेल जातं. ओल्या फडक्याने पुसा बास. डिशवॉश की बाइक क्लीनर हे तुम्ही दोघं ठरवा, मला दोन्ही चालतात, बाटली रोटरपासून लांब असली म्हणजे झालं.