पगार घेणाऱ्याला नायक म्हणावे काय?

शहापूरकर: १७ जानेवारीच्या हुतात्मा अभिवादनानंतर येथे एका सदस्याने लिहिले की, बेळगाव महाराष्ट्रात यावे म्हणून १९५६ साली बेळगावात ज्यांनी गोळ्या झेलल्या तेच खरे नायक, आशा कार्यकर्ती आणि लाइनमन यांना ती पदवी देणे हा हुतात्म्यांचा अवमान आहे. हे वाचून गप्प राहवले नाही. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यातील आमगाव, गवाळीसारख्या गावांतून पावसाळ्यात आजाऱ्याला झोळीत घालून, खांदे बदलत, साकव ओलांडून दवाखान्यापर्यंत आणणारी माणसे कोणाच्या पगारावर आहेत, हे त्यांनी सांगावे.

मूळ लेखक: मी आक्षेप घेतला तो नोकरी करणाऱ्यांबद्दल. झोळी वाहणारे शेजारधर्म पाळतात. नायकत्वाला जिवाची जोखीम लागते. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील हुतात्म्यांच्या हिंडलग्याच्या स्मारकापुढे १ जूनला उभे राहिल्यावर हा फरक आपोआप कळतो.

खानापूर तालुका: लाइनमन भर पावसात खांबावर चढतो, ती जोखीम नव्हे काय? आशा कार्यकर्तीला तर पगारही नाही, मानधन आणि कामागणिक भत्ता मिळतो. माझ्या वहिनीचे दिवस भरले तेव्हा आमच्या वाडीतील कार्यकर्ती मध्यरात्री पदरच्या पैशाने रिक्षा करून आली. ते पैसे तिला कोणी दिल्याचे मला आठवत नाही.

निपाणीचा वाचक: मुळात कौतुकाची ही हौसच मला संशयास्पद वाटते. झोळीची छायाचित्रे दर पावसाळ्यात छापून येतात, वाहणाऱ्यांना शाल-श्रीफळ मिळते आणि रस्ता जिथल्या तिथे राहतो.

खानापूर तालुका: अभयारण्यातील रस्त्याला वनखात्याची परवानगी लागते, हे निपाणीत बसून कळायचे नाही.

टिळकवाडीवासी: रस्त्याचे राहू द्या. आमच्या आईच्या पेन्शनचा अर्ज कन्नडमध्ये नाही म्हणून एका कार्यालयाने परत केला. जेथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत तेथे शासकीय सूचना व नियम त्यांच्या भाषेतही मिळावेत, हे १९५६ पासून कागदावर आहे. त्या दिवशी दाराशी बसलेल्या एका कन्नडभाषक निवृत्त शिक्षकाने अर्ज लिहून दिला आणि चहासुद्धा नाकारला. माझ्यासाठी नायक तो.

मूळ लेखक: म्हणजे हक्क मागणारे बाजूला राहिले आणि उपकार करणारा मोठा झाला! अशाने लढा संपेल.

टिळकवाडीवासी: सीमाप्रश्नाचा लढा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आईला औषधे याच महिन्यात हवी होती.

शहापूरकर: हुतात्म्यांना कोणीही लहान केलेले नाही. त्यांतील बरेचसे पदाधिकारी नव्हते; घरातून बाहेर पडलेली साधी माणसे होती. आपली व्याख्या त्यांनाच आधी लागू करून पाहा.

मूळ लेखक: साधी माणसे होती, हे मान्य. झोळी वाहणाऱ्यांनाही नायक म्हणतो, आपले समाधान होऊ द्या. मात्र निपाणीकरांचा रस्त्याचा मुद्दा कोणीही खोडून काढलेला नाही, आणि त्यावर निवेदन लिहायला बसतो म्हटले, तर येथील किती नायकप्रेमी सही करतील याची मला उत्सुकता आहे.

खानापूर तालुका: लिहा. मात्र वनखात्याला द्यायची प्रत कन्नडमध्येही काढा, नाहीतर तीही परत येईल.